गोव्यात रोड सायकलिंग सुरू करायचंय? आधी रस्ते ठरवा, मग सायकल घ्या

नवीन माणूस पहिला प्रश्न विचारतो तो हमखास "कुठली सायकल घेऊ?" हाच, आणि मी त्याला उलट विचारतो की बाबा तू राहतोस कुठे आणि सकाळी निघतोस किती वाजता. कारण बाणावलीत राहणाऱ्याला दारातनं सपाट रस्ता मिळतो, फोंड्यात राहणाऱ्याला घराबाहेर पडलं की फर्मागुडीचा चढ आणि पर्वरीत राहणाऱ्याला सगळीकडे ट्रॅफिक. तिघांना एकच सल्ला देऊन कसं चालेल? म्हणून आधी रस्ते.

बरेच जण हायवेपासून सुरुवात करतात, रुंद आहे, डांबर चांगलं आहे, स्पीड मिळतो म्हणून. माझं स्पष्ट मत आहे की पहिले काही महिने एनएच ६६ विसरा. आणि पणजीला नवीन असाल तर हेही माहीत असू द्या की अटल सेतूवर दुचाकींना बंदी आहे, मांडवी ओलांडायची तर खालच्या जुन्या पुलांवरनं. गोव्यातलं सायकलिंग खरं आतल्या रस्त्यांवर आहे, गावागावातनं जाणारे, एका बाजूला शेत, दुसऱ्या बाजूला खाडी, सकाळी पदेराचा (पाववाल्याचा) भोंगा ऐकू येणारे रस्ते. आणि मध्ये फेरीबोट! एवढी सोय बाकी कुठे आहे सांगा.

पहिला लूप म्हणून मी सगळ्यांना हाच सांगतो: पणजीहून रायबंदरचा जुना सेतू (पोर्तुगीजांनी १६३३-३४ च्या सुमारास बांधलेला, आजही त्यावरनं ट्रॅफिक चालतो), रायबंदरहून फेरीने चोडण, चोडणमधनं सरळ मये, तिथनं नार्वे, नार्व्याहून फेरीने दिवाडी, दिवाडीहून परत फेरीने जुनं गोवं आणि मग नदीच्या कडेकडेने पणजी. आरामात सकाळच्या वेळात होतो, मोठा चढ नाही, आणि फेरीची वाट बघताना पायांना आपोआप आराम. नार्व्याला सप्तकोटेश्वराचं देऊळ आहे तिथे थांबाच, मूळ देऊळ दिवाडी बेटावर होतं ते पोर्तुगीजांनी पाडलं, आणि नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये केला, म्हणजे एकाच राइडमध्ये तुम्ही देवाच्या जुन्या आणि नव्या दोन्ही जागा बघता. एक सूचना, फेरीच्या धक्क्याचा उतार ओहोटीला शेवाळलेला असतो, सायकलवर बसून उतरू नका, हातात धरून चालत जा, क्लीटचे (पेडलमध्ये अडकणारे) बूट असतील तर डबल सावध.

दक्षिणेत माजोर्डा ते मोबोर हा पट्टा सपाट, नवशिक्यांसाठी छान. पाय जरा तयार झाले की बेतूलहून काब द रामाकडे जा, तिथे रस्ता सारखा वर-खाली होतो आणि अर्ध्या तासात कळतं गिअर कशाला असतात ते.

आता सायकल. इथले चढ छोटे पण उभे, खड्डे आणि अचानक येणारे स्पीडब्रेकर भरपूर, हवा खारट आणि चार महिने पाऊस. या चार गोष्टी डोक्यात ठेवून दुकानात गेलात तर अर्धी निवड तिथेच होते. ड्रॉप हँडलची (खाली वळलेल्या हँडलची) रोड बाइक घ्यायची तर किमान २८ एमएम टायर बसतील अशी घ्या, ३२ बसत असतील तर अजून उत्तम. बारीक टायर म्हणजे जास्त स्पीड हा समज जुना झाला, खडबडीत रस्त्यावर रुंद टायर कमी प्रेशरला जास्त चांगला पळतो आणि मनगटं पण वाचतात. साधारण ७० किलोच्या माणसाने २८ च्या टायरमध्ये ७०-७५ पीएसआय हवा भरावी, मागच्यात थोडी जास्त, पावसात थोडी कमी, १०० पर्यंत दगडासारखी भरायची काही गरज नाही.

गिअरमध्ये पुढे पेडलपाशी ५०-३४ दातांचा कॉम्पॅक्ट क्रँक आणि मागे ११-३२ किंवा ११-३४ दातांची कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातऱ्यांचा संच) मागा. दुकानदार म्हणेल एवढं हलकं गिअर कशाला, तुम्ही ऐकू नका, आल्तिनोच्या चढावर त्याचे गुडघे जाणार नाहीयेत, तुमचे जाणार आहेत. शिमानोचा क्लॅरिस किंवा सोरा हा गिअर-सेट नवशिक्याला भरपूर झाला. त्यापेक्षा जास्त पैसे असतील तर ते डिस्क ब्रेकवर घाला, कारण लाल मातीचं पाणी रिमवर उडालं की रिम ब्रेकचे पॅड आणि रिम दोन्ही खरवडले जातात आणि ओल्यात ब्रेक लागायला उशीर होतो तो वेगळाच. फ्रेम ॲल्युमिनियमची बरी. स्टील मला स्वतःला फार आवडतं पण समुद्राजवळ राहत असाल तर त्याची काळजी घ्यायची तयारी ठेवा. रेस वगैरे डोक्यात नसेल, ऑफिसला पण जायचं असेल, तर हायब्रिड (सरळ हँडलची, रोड बाइक आणि माउंटन बाइकच्या मधली) घ्यायला लाजू नका. फक्त सस्पेन्शनवाली जड एमटीबी (माउंटन बाइक) रस्त्यासाठी घेऊ नका, प्रत्येक पेडलला थोडी ताकद त्या स्प्रिंगमध्ये जाते. आणि बजेटमधनं हेल्मेट, पुढे-मागे लाइट, पंप, स्पेअर ट्यूब, टायर लिव्हर यांचे पैसे आधी बाजूला काढा, उरले त्यात सायकल.

साइज चुकीची असेल तर महाग सायकल पण अंग मोडते. सीटची उंची बघायची सोपी पद्धत: पेडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवा, पाय सरळ व्हायला हवा, मग चवड्याने पेडल मारताना गुडघ्यात थोडा बाक आपोआप राहतो. गुडघा पुढनं दुखतोय तर सीट बहुतेक खाली आहे, मागनं दुखतोय तर वर आहे. हाताला मुंग्या येत असतील तर सीटचं नाक खाली झुकलंय का ते बघा.

सेफ्टीबद्दल मी जरा लांबण लावणार आहे कारण मला हा विषय मनापासून महत्त्वाचा वाटतो. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं, पट्टा हनुवटीखाली घट्ट, आणि एकदा जोरात आपटलं की ते बदलायचं, बाहेरनं तडा दिसला नाही तरी. मागचा लाल लाइट दिवसा पण चालू. आपल्याकडे झाडांची दाट सावली आणि मध्येच कडक ऊन असे पट्टे असतात रस्त्यावर, त्या सावलीत सायकलवाला ड्रायव्हरला दिसतच नाही.

कडेला अगदी चिकटून चालवू नका. डांबर जिथे संपतं तिथे मातीची पायरी असते, चाक एकदा खाली गेलं की परत वर घेताना माणूस पडतो. कडेपासून अंदाजे एक मीटर आत राहा, म्हणजे खड्डा चुकवायला जागा मिळते आणि मागचा गाडीवाला पण नीट ओव्हरटेक करतो, घासून जात नाही. पार्क केलेल्या गाड्यांच्या दारापासून लांब. बस स्टॉपवर थांबली की डावीकडनं कधीच घुसायचं नाही, माणसं उतरत असतात. काळ्या नंबरप्लेटवर पिवळे आकडे दिसले तर ती भाड्याची सेल्फ-ड्राइव्ह गाडी, चालवणारा बहुतेक नवीन असतो, नजर मॅपवर असते, अचानक वळतो, त्याला जागा द्या आणि पुढे जाऊ द्या. डिचोली, साखळी, उसगाव, सावर्डे बाजूला खनिजाचे ट्रक चालू असतील तर तो रस्ताच टाळा, धूळ आणि वजन दोन्ही वाईट. किनाऱ्याकडच्या रस्त्यांवर रविवारी सकाळी बाटल्यांच्या काचा असतात, म्हणून पंक्चर काढायला घरीच शिका: मागचं चाक काढताना चेन सगळ्यात लहान दातरीवर आणा, आणि नवीन ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतनं हळूच बोट फिरवून काच राहिली नाही ना ते बघा, नाहीतर दुसरी पण जाते. कुत्रे मागे लागले तर वेग कमी करा, जोरात ओरडा, गरज पडली तर उतरून सायकल मध्ये धरा. खिशात ओळखपत्र आणि घरच्यांचा नंबर ठेवा. अपघात झाला तर १०८ ला फोन.

उतारावर ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. बाहेरच्या बाजूचा पाय खाली, त्यावर वजन, नजर वळण जिथे संपतं तिकडे. रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि ओली पानं यांच्यावर झुकायचं नाही.

ट्रेनिंगचं म्हणाल तर सुरुवातीला आठवड्यातनं तीन राइड पुरे, दोन पाऊण-एक तासाच्या आणि रविवारी एक लांब. लांब राइड एवढ्या हळू की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. हे पहिल्यांदा कंटाळवाणं वाटतं, सगळे मागे टाकून जातात, पण स्टॅमिना असाच तयार होतो. अंतर दर आठवड्याला दहा टक्क्यांच्या आसपासच वाढवा आणि चौथा आठवडा हलका ठेवा. पेडल मिनिटाला ८०-९० वेळा फिरलं पाहिजे, जड गिअर दाबत बसलात की गुडघे बोलायला लागतात. दोनेक महिन्यांनी आठवड्यातली एक राइड चढाची करा, पणजीकरांना आल्तिनो आहेच, वर जा, सावकाश खाली या, परत वर. मग करमळ घाट, आणि मग कधीतरी थंडीत पहाटे केरीहून चोर्ला घाट, माथा साधारण ८०० मीटरवर आहे, वर पोचल्यावर हवाच बदलते. पण येताना अवजड गाड्या असतात म्हणून उजाडतानाच चढायला लागा. ध्येय हवं असेल तर २०० किमीची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब राइड) आहे, १३ तास ३० मिनिटांत पूर्ण करायची, रेस नसते त्यामुळे पहिल्यांदा करणाऱ्याला मस्त. आयर्नमॅन ७०.३ या ट्रायथलॉनची स्वप्नं असतील तर त्यात सायकल ९० किमी, पण आधी १.९ किमी पोहायचं आणि नंतर २१.१ किमी पळायचं आहे हे लक्षात ठेवा.

खाणं साधं. तासाभराच्या राइडला काही लागत नाही. त्याहून जास्त असेल तर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब, म्हणजे एक-दोन केळी किंवा खजूर-चिक्की. इथल्या दमट हवेत घाम सुकत नाही, नुसतं वाहत राहतो, त्यामुळे फक्त साधं पाणी पीत राहू नका, एका बाटलीत ओआरएस किंवा कोकमाचं आगळ, मीठ, साखर. संपल्यावर पातळभाजी-पाव, तो हक्काचा!

पावसाळ्यात सायकल बंद करायची नाही, पण वादळी वारा आणि धो-धो पावसात बाहेर पण पडायचं नाही. रिमझिम असेल तर ओळखीचाच रस्ता घ्या, पाणी साचलेल्या डबक्यातनं जाऊ नका, खाली खड्डा किती खोल आहे कळत नाही. घरी आल्यावर लगेच साध्या पाण्याने माती धुवा, पण प्रेशरचा पाइप बेअरिंगवर मारू नका. फडक्याने पुसा, चेन सुकली की वेट ल्यूब (ओल्या हवेसाठीचं चेनचं तेल) एकेका कडीवर थेंब-थेंब आणि वरचं पुसून टाका. गणेश चवथीनंतर पाऊस ओसरला की ड्राय ल्यूबवर (कोरड्या हवेसाठीच्या तेलावर) या, केबल आणि ब्रेक पॅड तपासून घ्या, आणि चेन किती ताणली गेली ते गेजने मोजा, ८ ते १० स्पीडला (मागे ८ ते १० दातऱ्या) ०.७५ टक्के आलं की बदला, ११-१२ स्पीडला ०.५ लाच. वेळेत बदललीत तर कॅसेट वाचते आणि कॅसेट चेनपेक्षा बरीच महाग आहे.