मापाची सायकल फ्रेम बनवून घेताना या चुका टाळा

आधी तयार फ्रेम नीट तपासा. ८० ते १२० मिमीचा स्टेम (हँडल पुढे धरणारा भाग) आणि ३० मिमीपर्यंतचे स्पेसर (स्टेमखालच्या कड्या) लावून हँडल हवं तिथे येत असेल, तर मापाच्या फ्रेमवर खर्च करू नका.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे ‘फोर्क (पुढचं चाक धरणारा दुपाखी भाग) नंतर बघू’. आराखडा ३७० मिमी उंचीच्या रोड फोर्कवर काढला आणि जाड टायर बसावेत म्हणून मागाहून ३९५ मिमीचा फोर्क आणला, असं सर्रास घडतं. २५ मिमीने पुढची बाजू उचलली की फ्रेम मागे झुकते आणि हेड ट्यूब (फोर्क जिच्यात फिरतो ती पुढची नळी) व सीट ट्यूब (सीटखालची नळी) यांचे कोन साधारण १.४ अंशांनी कमी होतात. ७३ अंशांच्या हेड अँगलला आणि ४५ मिमी ऑफसेटला (फोर्क फिरतो त्या रेषेच्या अ‍ॅक्सल जितका पुढे ते अंतर) ट्रेल, म्हणजे ती रेषा जमिनीला मिळते तिथून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर, ५७ मिमीच्या आसपास असतो, तो ६५ च्या पुढे जातो. हँडल कमी वेगात जड लागतं. सॅडल (सीट) सुमारे १७ मिमी मागे सरकतं, बॉटम ब्रॅकेट (पेडलचा आस फिरतो तो भाग) सेंटिमीटरभर वर जातं. पैसे मोजले होते ते नेमक्या याच मापांसाठी! म्हणून फोर्क हातात येईपर्यंत नळी कापू देऊ नये. उंची अ‍ॅक्सलच्या मध्यापासून क्राउन रेसच्या (फोर्कच्या माथ्यावर बसणाऱ्या बेअरिंगच्या कडीच्या) बैठकीपर्यंत स्वतः मोजावी.

दुसरी चूक, ‘मला ५६ ची फ्रेम लागते’ एवढंच सांगणं. हा आकडा कोणी सीट ट्यूबच्या टोकापर्यंत मोजतं, कोणी टॉप ट्यूबच्या मध्यापर्यंत. त्यापेक्षा सध्याची सायकल सपाट जमिनीवर उभी करा. बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून सॅडलची उंची, ओळंबा सोडून सॅडलचं टोक त्याच्या किती मागे, तिथून हँडलपर्यंतचं अंतर, सॅडल आणि हँडलच्या उंचीतला फरक आणि क्रँकची (पेडलच्या दांड्याची) लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये लिहा. कुठे दुखतं तेही सांगा, नाहीतर कारागीर तेच दुखणं इमानेइतबारे नव्या फ्रेममध्ये उतरवील.

टायरच्या दोन्ही बाजूंना किमान ६ मिमी जागा ठेवा. मडगार्ड आणि कॅरियरचे बोल्ट-पॉइंट आधीच सांगा. रंगानंतर वेल्डिंग म्हणजे रंग जळणारच. सामान लादायचं असेल तर वजन वाचवण्यासाठी मध्यभागी ०.५ मिमी जाडीची नळी मागू नका. पेडल मारताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागणार का, हे आराखड्यावरच तपासा.

शेवटची घाई रंगाची. रंग चढल्यावर बॉटम ब्रॅकेटच्या आट्यांतून टॅप (आटे साफ करणारं हत्यार) फिरवून, ब्रॅकेटच्या कडा सपाट करून आणि सीट ट्यूब रीम करूनच (आतून घासून नेमक्या मापाची करूनच) फ्रेम ताब्यात घ्या. २७.२ मिमीची सीट पोस्ट (सॅडल धरणारी दांडी) हाताने सरकली पाहिजे, हातोडीने नव्हे.