हॉल्टर नेक घालताय? मग आधी पाठ बघा, केसांचं नंतर

माझ्या मामेबहिणीच्या संगीतला मी पहिल्यांदा हॉल्टर नेकचा, म्हणजे मानेमागे अडकवायचा, ब्लाऊज शिवून घेतला, मोरपंखी रंगाचा, मागे नाडी आणि नाडीला दोन एवढाले लटकन. पार्लरमध्ये जाऊन फोनमधला फोटो दाखवला आणि सांगितलं की हा असा मानेवर टेकलेला अंबाडा घाला. घातला त्यांनी, छानच घातला, समोरून आरशात बघून मी एकदम खूश. हॉलवर पोचल्यावर कळलं की अंबाडा बरोब्बर नाडीच्या गाठीवर बसलाय, मान वळवली की गाठ टोचतेय, लटकनचे मणी यू-पिनांमध्ये अडकलेत, आणि दोन गाणी नाचून झाल्यावर नाडी सैल व्हायला लागली तर ती आवळायला बोटं घालायला जागाच नाही. शेवटी वहिनीने वॉशरूममध्ये अर्धा अंबाडा सोडून गाठ मारली आणि वरून स्वतःच्या पर्समधला क्लचर लावला. त्या दिवसाच्या सगळ्या फोटोंत मी मान ताठ करून उभी आहे, लोकांना वाटतं रुबाब आहे.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की हॉल्टरसाठी हेअरस्टाईल ठरवताना आरशासमोर उभं राहून चेहरा गोल की लांब हे बघत बसू नका, ते नंतर. आधी ब्लाऊज किंवा ड्रेस घाला, घरातल्या कोणाला तरी मागून फोटो काढायला लावा आणि मानेमागे नक्की काय चाललंय ते बघा. गाठ आहे का, हुक आहे का, पाठ किती उघडी आहे, लटकन कुठपर्यंत येतात. केस कुठे ठेवायचे ते तो फोटोच सांगतो.

हॉल्टर हा शब्द मुळात घोड्याच्या तोंडाला बांधायच्या दोरीचा, म्हणजे आपल्याकडची मोरकीच म्हणा. सासऱ्यांना हे सांगितलं तर ते दोन दिवस हसत होते, पण नाव अगदी बरोबर आहे कारण बाही नाही, खांद्यावर पट्टी नाही, कापडाचा सगळा भार मानेवर. साध्या कॉटनचा असेल तर काही वाटत नाही, पण रॉ सिल्क, त्यावर जरदोजी, आत पॅड आणि अस्तर असलं की तासाभरात मान भरून येते. त्यात तुम्ही केसांचा दोन किलोचा डोंगर मागे बांधलात, गंगावन घालून वगैरे, तर रात्री बाम लावायची तयारी ठेवा. जड ब्लाऊज असेल तर केस हलके ठेवा.

आता मागचे प्रकार. सगळ्यात कॉमन तो नाडीवाला, त्यात गाठ मानेच्या खळग्यात येते. इथे मी बोटांनी मोजते. गाठीवर हात आडवा ठेवायचा, दोन बोटं गाठीची आणि त्याच्या वर अजून दोन बोटं मोकळी, तिथून पुढे अंबाडा सुरू झाला पाहिजे. म्हणजे साधारण कानाच्या मध्यापासून वर. आपला पारंपरिक खोपा मानेवरच असतो त्यामुळे तो ह्या ब्लाऊजवर जमत नाही, कितीही आवडत असला तरी. फारच हौस असेल तर टेलरला आधीच सांगा की नाडी नको, बाजूला मानेच्या कडेला हुक द्या, मग मागे जागा मोकळी राहते आणि खोपा मस्त बसतो.

दुसरा कॉलरसारखा हाय नेक. ह्यात गळा वरपर्यंत झाकलेला असतो, त्यामुळे केस मोकळे सोडले की मान गायबच होते, डोकं थेट खांद्यांवर ठेवल्यासारखं दिसतं. माझी मान आधीच आखूड आहे त्यामुळे हे मी अनुभवाने सांगतेय. इथे उंच पोनी किंवा टाळूवरचा अंबाडा, बस, दुसरा विचारच नको. आणि मागे हुक असतील तर आतून कापडाची पट्टी लावून घ्या, नाहीतर मानेवरचे बारीक केस हुकात अडकतात आणि डोळ्यांतून पाणी येतं.

तिसरा म्हणजे पाठ जवळजवळ पूर्ण उघडी आणि खाली एक पट्टी. ह्याचे शिलाईचे पैसे पाठीसाठीच दिलेले असतात, मग त्यावर केस सोडून कशाला झाकायचं. पण खरं सांगायचं तर बऱ्याच जणींना ऐन वेळी लाज वाटते, पाठीवर पुटकुळ्या असतात, सासरची मंडळी समोर असतात, आणि मग मोकळे केस म्हणजे पडदा. त्यात काही चूक नाही. पडदाच हवा असेल तर पाठीवर मधोमध सैल वेणी सोडा, मोकळ्या केसांसारखी ती घामाने पाठीला चिकटत नाही आणि अधूनमधून पाठ दिसतेही.

समोरची बाजू त्यामानाने सोपी आहे. गळ्याच्या पट्टीवर वर्क असेल, मणी, टिकल्या, आरसे, तर केस पुढे आणू नका, वर्क झाकलं जातं आणि केस अडकतात ते वेगळंच. प्लेन असेल तर एका बाजूने केस पुढे घेतले की भरलेलं वाटतं. डीप व्ही असेल तर चेहऱ्याजवळ दोन बटा सोडल्या तरी पुरे.

खांद्यांचं मात्र नीट बघा. हॉल्टरची कड काखेपासून तिरकी मानेकडे जाते, त्यामुळे खांदे पूर्ण उघडे पडतात आणि रुंद दिसतात. ज्यांचे खांदे बारीक आहेत त्यांना हे फायद्याचं, त्यांनी केस बिनधास्त वर बांधावेत. ज्यांचे आधीच रुंद आहेत, पोहणाऱ्या मुलींचे असतात तसे, त्यांनी केस एकदम चापून वर नेऊ नयेत, एका खांद्यावर काही तरी येऊ द्यावं. मग चेहरा: गोल असेल तर टाळूवर थोडी उंची, छोटासा पफ चालेल, लांबट असेल तर उंची नको, भांग बाजूला आणि कानांजवळ थोडे सैल केस. झालं, चेहऱ्याचं एवढंच.

आता आपल्या मुंबईचा मुद्दा, जो पॅरिसच्या फोटोंत दिसत नाही. मे महिन्यातलं लग्न, हॉलला एसी आहे म्हणतात पण तीनशे माणसं आणि दारं सताड उघडी. पार्लरमध्ये इस्त्री करून सरळ केलेले केस दादर येईपर्यंत फुगतात, आणि त्यात पार्लरवालीचा दोष नसतो. केस गरम करून सरळ केले की त्यातल्या केराटिनचे हायड्रोजन बंध तेवढ्यापुरते नव्याने जुळतात, हवेतली वाफ केसात शिरली की ते सुटतात आणि केस मूळपदावर. म्हणून मार्च ते ऑक्टोबर मुंबईत हॉल्टरवर सरळ मोकळे केस हा प्लॅन मी तरी कोणाला सांगणार नाही. केस कुरळे असतील तर कुरळेच वर बांधा, ते अंबाड्यात उलट भरगच्च दिसतात आणि वाफेची त्यांना भीतीच नाही. थंडीत, म्हणजे आपल्याकडे जी काय असते ती, डिसेंबर-जानेवारीत, मोकळ्या केसांची हौस भागवून घ्या.

माझी स्वतःची फेव्हरिट म्हणजे मधल्या उंचीचा अंबाडा, तो कसा ते सांगते. केस आदल्या दिवशी धुवा, त्याच दिवशी धुतलेले केस गुळगुळीत असतात, पिना सरकतात. पोनी बांधताना मान थोडी मागे टाका, पुढे वाकून बांधली तर मान सरळ केल्यावर खालचे केस झोळीसारखे लोंबतात आणि हॉल्टरमध्ये नेमका तोच भाग सगळ्यांना दिसतो. मग डोनट, म्हणजे अंबाड्याच्या आतली जाळीची गोल रिंग, घाला, केस त्यावर पसरवा, रबर लावा, उरलेले गुंडाळून यू-पिना. काळ्या पिनांची नागमोडी बाजू डोक्याकडे ठेवा, सरळ बाजू वर, निम्म्या बायका उलट लावतात आणि मग पिना निघतात म्हणून ओरडतात. मानेवरची लव जुन्या टूथब्रशला थोडं जेल लावून वर घ्या, स्प्रेपेक्षा हे बरं कारण स्प्रे मारला की तो उघड्या पाठीवर बसतो आणि घामात चिकचिक होते.

गजरा घालणार असाल तर अंबाड्याच्या वरच्या बाजूने अर्धचंद्र करा किंवा पूर्ण गोल, पण टोक खाली मानेवर लोंबू देऊ नका, ते नाडीत गुंततं. दादरच्या फुलबाजारातून सकाळी आणलेल्या गजऱ्यावर पाणी मारलेलं असतं, तो झटकून, पंच्यात गुंडाळून थोडा कोरडा करा, रॉ सिल्कवर पाण्याचा थेंब पडला की डाग दिसतो. मोगऱ्याचा खरा सीझन उन्हाळ्यातला, थंडीत मोगरा महाग आणि बारका मिळतो, तेव्हा शेवंती किंवा आबोली बघा.

दुसरी स्टाईल म्हणजे एका बाजूची वेणी, सागरवेणीने सुरुवात करून कानामागून खांद्यावर आणलेली. साडी असेल तर ती उजव्या खांद्यावर घ्या, कारण पदर डावीकडे. हे इतकं साधं आहे पण मी स्वतः दोनदा डावीकडे घालून बसलेय, पदराच्या पिनेत वेणी अडकते, मान हलत नाही, आणि डावीकडे सगळी गर्दी तर उजवीकडे एकदम रिकामं. वेणी घालून झाली की बोटांनी कडा थोड्या ओढून सैल करा, चापून घातलेली शाळेतली दिसते.

केस लहान असतील तर वाईट वाटून घेऊ नका, हॉल्टरला लहान केस फार छान दिसतात. १९५५ च्या सिनेमातला मेरिलिन मन्रोचा तो पांढरा ड्रेस आठवा, विल्यम ट्रॅव्हिलाने डिझाईन केलेला, तो हॉल्टरच आहे आणि तिचे केस आखूड, कुरळे, मान सगळी मोकळी. बॉब असेल तर एक बाजू कानामागे घेऊन एक छान क्लिप लावा आणि दुसरी बाजू तशीच. फक्त ह्या फोटोच्या भरात लग्नाच्या आठवडाभर आधी केस कापू नका, केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतात, बिघडलं तर वेळ नाही.

आधी काय आणि नंतर काय ह्याचाही घोळ होतो. डोक्यावरून घालायचा हॉल्टर असेल तर तो आधी घाला, मग केस. अंबाडा करून मग ड्रेस डोक्यातून ओढणारी बाई मी पार्लरमध्ये बघितलेय, तिचा चेहरा मी विसरणार नाही. मागे गाठीचा असेल तर उलटं केलं तरी चालतं, केस करताना पुढे बटणं असलेला नवऱ्याचा जुना शर्ट घाला. गाठ दुहेरी मारा आणि आतून छोटी सेफ्टी पिन, तिचं तोंड बाहेरच्या बाजूला.

आणि दागिने. मानेमागे आधीच एक गाठ, त्यात नेकलेसचा हुक, त्यात मंगळसूत्राचा हुक, सगळे एकाच जागी येऊन बसतात. हाय नेकवर गळ्यात काहीच नको, कानात मोठे झुमके आणि झुमके जड असतील तर वेल लावा, केस वर असले की वेल उठून दिसतात. मंगळसूत्र काढायचं नसेल तर लांबवालं घाला, छोटं वाटी मंगळसूत्र गळ्याच्या पट्टीवर आलं की ना धड वर दिसतं ना आत. आत्या विचारेलच की मंगळसूत्र कुठाय. हातातलं दाखवा, हल्ली ते मिळतं.

निघायच्या आधी एक ट्रायल, शक्यतो आदल्या दिवशी. दोन्ही हात वर करा, खाली वाकून नमस्कार करा कारण लग्नात किमान वीस वेळा वाकावं लागतं, मान मागे टाका, आणि पाच मिनिटं फोनमध्ये बघत बसा. ओढ बसतेय, टोचतंय, अडकतंय असं काहीही वाटलं तर अंबाडा अर्धा इंच वर घ्या, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

लोकलने जाणार असाल तर केस साध्या क्लचरमध्ये अडकवून जा आणि फायनल बांधणं हॉलवर. वर ओढणी किंवा स्टोल घ्या, गर्दीत कोणाच्या बॅगेची चेन तुमच्या नाडीत अडकली तर अंधेरीला तुम्ही आणि ती दोघी एकदमच उतराल. पिना विसरलात तर काळजी नको, लेडीज डब्यात पिना, रबरं, क्लचर विकणारी येतेच.

घरी आल्यावर आधी पिना काढा, मग लटकन केसातून सोडवा, मग गाठ, ह्याच क्रमाने, दमलो म्हणून सगळं एकदम ओढू नका. आणि सकाळी पिना मोजून लावा. मी त्या संगीतनंतर २२ लावल्या असं धरून चालले होते, तेविसावी दुसऱ्या दिवशी ऑफिसात सापडली, केसातच.