पॅनलवरच्या माणसाची चूक कशी मोजावी

कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रात कंट्रोल रूमच्या पॅनलवर शिफ्टा केल्या, आता नागपुरात सेफ्टीच्या मुलांना शिकवतो. इथे अणुभट्टी नाही, पण मानवी चूक मोजण्याची सगळ्यात काटेकोर पद्धत अणुवीजवाल्यांचीच, म्हणून मी तीच शिकवतो.

'ऑपरेटर चुकेल का?' असं विचारू नका. काम कोणतं, पायरी कोणती, हाताशी मिनिटं किती, समोर दिसतंय काय, एवढं आधी लिहा. मग कार्यपद्धतीचा कागद घेऊन ऑपरेटरसोबत पॅनलपुढे उभे राहा आणि त्याला एकेक पायरी बोटाने दाखवायला सांगा. तो जिथे थबकतो तिथे खूण करा. हे न करता आकडेमोडीला बसणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

आकड्यासाठी 'स्पार-एच' ही मानवी चुकीची शक्यता काढायची पद्धत घ्या. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने ती २००५ साली प्रसिद्ध केली. काय बिघडलंय ते ओळखण्यात, म्हणजे निदानात, चूक होण्याची मूळ शक्यता ०.०१, कृती चुकण्याची ०.००१. वेळ, ताण, गुंतागुंत, प्रशिक्षण, कार्यपद्धती, पॅनलची रचना असे आठ घटक बघून प्रत्येकाच्या ठरलेल्या गुणकाने त्या मूळ शक्यतेला गुणायचं.

अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रातला अपघात घ्या, २८ मार्च १९७९. जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडाच अडकला होता आणि पॅनलवरचा दिवा मात्र विझलेला. तो दिवा व्हॉल्व्हची स्थिती दाखवतच नव्हता, बंद व्हायचा आदेश गेला एवढंच सांगत होता. दोन तासांहून जास्त वेळ अणुभट्टी थंड ठेवणारं पाणी त्यातून जात राहिलं.

माझ्या हिशेबाने इथे ताण जास्त, म्हणून २; मध्यम गुंतागुंत, २; दिशाभूल करणारा दिवा, तब्बल ५०. गुणाकार २००. तीन किंवा जास्त घटक प्रतिकूल असले की उत्तर १ च्या वर जाऊ नये म्हणून दुरुस्ती करतात: निदानाचे ०.०१ × २०० म्हणजे २, त्याला (०.०१ × १९९ + १) म्हणजे २.९९ ने भागा. ०.६७.

आता उपाय तपासा. दिवा तसाच ठेवून प्रशिक्षण अव्वल केलं (गुणक ०.५), तर ०.५०. दिवा खरी स्थिती दाखवू लागला (५० च्या जागी १), तर ०.०४. चौकशी अहवालात 'ऑपरेटरला पुन्हा प्रशिक्षण' लिहून फाइल मिटवणाऱ्यांसमोर हे दोन आकडे ठेवा.

'दुसरा माणूस तपासतो' यावरही लगेच विसंबू नका. तो त्याच शिफ्टचा, तोच दिवा बघणारा असेल, तर पहिल्याची चूक त्याच्याही नजरेतून सुटण्याची शक्यता निम्म्याहून जास्त धरतात. त्याला दुसरं मीटर द्या, मग मोजा.