माध्यमं आणि राजकारण शिकायचंय? गावच्या पेपरापासून सुरुवात करा

एमएला 'माध्यमं आणि राजकीय व्यवस्था' हा विषय घेतला तेव्हा पहिले दोन महिने हाताला काहीच लागलं नाही. डॅनियल हॅलिन आणि पाओलो मॅन्चिनी या अभ्यासकांनी 2004 मध्ये 18 पाश्चात्त्य देशांच्या माध्यमव्यवस्थांची केलेली वर्गवारी तोंडपाठ होती, पण तिचं करायचं काय ते उमगत नव्हतं.

गणपतीत देवगडला घरी आले. शेजारचे काका एका दैनिकाचे वार्ताहर. टेबलावर अर्धी लिहिलेली बातमी आणि तिच्यावरच जाहिरातींचं पावतीबुक. एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या पुरवणीसाठी जाहिराती गोळा चालल्या होत्या. काका म्हणाले, "मानधन नावाक आसा गो बाय. घर चलता ता कमिशनावर. मगे तेच्याच रस्त्याच्या खड्ड्यांची बातमी कशी लिवतलंय?"

त्या रात्री टिपणं पुन्हा उघडली. पेपर कोण वाचतं, तो पक्षाच्या किती जवळ, पत्रकारांचे स्वतःचे नियम आहेत का, सरकार कुठे हात घालतं, हे त्या वर्गवारीमागचे चार प्रश्न पहिल्यांदा जिवंत वाटले. इटलीत 'राई' या सरकारी प्रसारण संस्थेच्या तीन टीव्ही वाहिन्या बरीच वर्षं तीन मोठ्या पक्षांनी वाटून घेतल्या होत्या. नॉर्वेत 1969 पासून सरकारच पेपरांना अनुदान देतं, पण ठरलेल्या निकषांवर. म्हणून एकाच गावातला दुसऱ्या क्रमांकाचा पेपरही तगतो. पैसा सरकारी म्हणजे लेखणी मिंधी, हा माझा समज तिथेच गळून पडला. ब्रिटनमध्ये बीबीसीला निःपक्षपातीपणाचं बंधन, आणि छापील पेपर मात्र निवडणुकीत उघड बाजू घेतात!

भारताला या वर्गवारीतल्या एका खणात कोंबायची घाई करू नका. आपल्याकडे खासगी वृत्तवाहिन्यांचा सुळसुळाट, पण खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची मुभा नाही. हे कोड्यासारखं वाटतं ना? प्रबंधाचा विषय अशाच जागी शोधा. देश दोनच घ्या, प्रश्न एकच.

आणि हाताने मोजा. मी जिल्हा आवृत्तीचे महिनाभराचे अंक घेतले. पुढाऱ्यांच्या जाहिराती आणि त्यांच्याच बातम्या, दोन्ही कॉलम सेंटीमीटरमध्ये मोजून वहीत उतरवल्या. मराठीतलं पहिलं वृत्तपत्र 'दर्पण' 1832 मध्ये काढणारे बाळशास्त्री जांभेकर याच तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे, हे मोजताना सारखं मनात येई. अंक काकांनीच माळ्यावरून काढून दिले. पट्टी धरायला संध्याकाळी तेही बसायचे.