लेक सिमकोवर उन्हाळ्यात स्मॉलमाउथ बास मासा पकडायचाय? दोरी बारीक ठेवा

टोरांटोच्या उत्तरेला लेक सिमकोचं पाणी इतकं नितळ आहे की जाड दोरी माशाला लगेच दिसते, म्हणून रीलवर १० पौंड ताण सोसणारी ब्रेडेड लाईन (विणलेली दोरी) आणि पुढे ८-१० फूट फ्लुरोकार्बन लीडर, म्हणजे पाण्यात सहज न दिसणारा दोरीचा शेवटचा तुकडा, तोही ६ किंवा ८ पौंडाचाच लावा. जुलै-ऑगस्टमधे ऊन चढलं की मोठे मासे काठ सोडून १५ ते ३० फूट खोल खडकांवर जातात, तिथे ड्रॉप शॉट सगळ्यात भारी, म्हणजे शिसं तळाला अन गळ त्याच्या फूटभर वर. आमिष तपकिरी-हिरवट घ्या, कारण ते तिथे गोबी नावाचे त्याच रंगाचे छोटे मासे खातात, आणि उगाच जोरात हलवू नका, दोरी ताणलेली ठेवून नुसती थरथरवायची बस्स. पाणी आरशासारखं स्थिर असेल तर पहाटेच जा. थोडा वारा सुटून लाटा आल्या तर दुपारीही चावतात, मला तर असेच दिवस जास्त आवडतात! आणि हो, ३० फुटाच्या खालून ओढलेला मासा सोडायचा असेल तर प्लीज लगेच सोडा, दाब बदलल्याने त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते अन मग त्याला परत खाली जाता येत नाही.