हिरा मंद दिसतोय? मग या चुका टाळा

चवथीच्या नेवऱ्या तळून झाल्या आणि वहिनी कानातल्या हिऱ्याच्या कुड्या तळहातावर घेऊन माझ्याकडे आली, म्हणाली भावजी, हिरे जुने झाले, फोंड्याला जाऊन बदलून आणूया का. मी भिंग लावून मागची बाजू बघितली तर खोबरेल आणि पिठाचा पिवळट थर बसलेला. चमक गेली म्हणजे हिरा खराब झाला, ही पहिली चूक.

हिऱ्यात वरून शिरलेला उजेड खालच्या तिरक्या पैलूंवर आपटतो. हिऱ्याचा अपवर्तनांक, म्हणजे उजेड किती वाकवतो त्याचं माप, 2.42, त्यामुळे सरळ उभ्या रेषेपासून 24.4 अंशापेक्षा जास्त तिरका आलेला किरण बाहेर पडूच शकत नाही, आतल्या आत परततो आणि वर येऊन आपल्या डोळ्यात शिरतो. काचेला हाच कोन जवळपास 42 अंश, म्हणून तसेच पैलू पाडले तरी काचेतून बराच उजेड मागून गळतो. आता हिऱ्याच्या पाठीला हवेऐवजी तेल लागलं की 24 ची मर्यादा थेट 37 च्या आसपास जाते, मग हिराही काचेसारखाच गळायला लागतो! त्यात हिऱ्याला तेलाची भारी ओढ, पूर्वी खाणीत ग्रीस फासलेल्या टेबलावरून खडी आणि पाणी सोडायचे, खडी वाहून जायची आणि हिरे तेवढे चिकटून राहायचे.

म्हणून नुसता वरचा भाग पुसून काही होत नाही. कोमट पाण्यात भांड्यांचा साबण, 20 मिनिटं भिजवा आणि मऊ ब्रशने मागून घासा, बेसिनवर नको, वाडग्यात. टूथपेस्टने सोन्यावर ओरखडे येतात. आजीच्या वेळचा मागून बंद, आत चकाकता पत्रा असलेला दागिना मात्र अजिबात भिजवू नका, पाणी आत गेलं की पत्रा काळा पडतो, तो सोनाराकडेच द्या.

दुकानातल्या स्पॉटलाइटखाली बघून भुलणं ही दुसरी मोठी चूक, तिथे सगळंच लखलखतं. दारात या, पावसाळी उजेडात बघा. आणि नुसतं कॅरेट विचारू नका, कोन विचारा. हिरे घडवणाऱ्या घराण्यातल्या मार्सेल टोल्कोव्स्कीने 1919 मध्ये गणित करून खालच्या पैलूंचा कोन 40.75 अंश काढला होता, त्याहून फार उथळ कापला तर उजेड खालून निसटतो, फार खोल कापला तर मध्यभाग काळपट दिसतो.

इंद्रधनुष्य जास्त म्हणजे हिरा अस्सल, असंही नाही हां. मॉइसनाइट हा हिऱ्यासारखा दिसणारा वेगळाच खडा, तो रंग हिऱ्याच्या दुपटीहून जास्त फाकवतो.