100 कोटींच्या रोख्यांना किती फ्युचर्स विकायचे?

बँकेच्या ट्रेझरीत मी बरीच वर्षं सरकारी रोखे सांभाळले. नवा डीलर आला की हमखास विचारतो, "मॅडम, 100 कोटींचे रोखे आहेत, दर चढतील असं दिसतंय, किती फ्युचर्स विकू?" फ्युचर्स म्हणजे पुढच्या ठरावीक तारखेला आज ठरलेल्या भावाने रोखे देण्याघेण्याचे करार. दर चढले की रोख्यांची किंमत पडते, ती झळ भरून काढायला (म्हणजे हेज करायला) हे करार विकून ठेवतात. पण किती, ते नुसत्या 100 कोटींवरून सांगता येत नाही.

आधी एवढं काढा: व्याजदर एक बेसिस पॉइंट, म्हणजे 0.01 टक्का हलला तर या रोख्यांची किंमत किती हलेल? सुधारित ड्युरेशन (दर एक टक्का हलला तर किंमत साधारण किती टक्के हलते तो आकडा) 4 धरलं, तर 100 कोटी गुणिले 4 गुणिले 0.0001, म्हणजे 4 लाख रुपये. मग हाच आकडा एका कराराचा काढायचा, आणि चुका होतात त्या इथेच. बरेचसे फ्युचर्स काल्पनिक कूपनवर, म्हणजे रोख्यावरच्या ठरावीक व्याजावर, बेतलेले असतात (अमेरिकी ट्रेझरी फ्युचर्समध्ये 6 टक्के), पण त्यांचा भाव चालतो तो करारात चालणाऱ्या रोख्यांपैकी विकणाऱ्याला द्यायला सर्वांत स्वस्त पडणाऱ्या रोख्यामागे. म्हणून त्या रोख्याची एका बेसिस पॉइंटमागची हालचाल घ्या आणि तिला त्याच्या कन्व्हर्जन फॅक्टरने (त्या रोख्याला काल्पनिक रोख्याच्या बरोबरीत आणणारा, एक्स्चेंजने ठरवलेला गुणक) भागा. 1 लाख दर्शनी किमतीच्या करारामागे ती 54 रुपये आणि फॅक्टर 0.8 असेल, तर उत्तर 67.5. आता 4 लाखांना 67.5 ने भागा: 5,926 करार.

सुरुवातीच्या काळात मी हा फॅक्टरच विसरले आणि 54 ने भागून 7,407 करार विकले. म्हणजे 1,481 जास्त. दर खाली आले आणि प्रत्येक बेसिस पॉइंटला जवळपास 1 लाखाचा जादा तोटा बसू लागला. संध्याकाळी मिडल ऑफिसमधल्या, म्हणजे डीलरचे सौदे तपासणाऱ्या विभागातल्या, सहकारणीने तक्त्यातल्या फॅक्टरच्या रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं. तो रकाना मी पुढे कायम लाल ठेवला. दर बरेच हलले की सर्वांत स्वस्त रोखाही बदलू शकतो, तेव्हा हिशेब पुन्हा मांडा.

सौद्याआधी रोकड बघा. दर उतरले की रोख्यांचा फायदा कागदावर राहतो, फ्युचर्सचा तोटा मात्र रोजच्या रोज मार्जिन म्हणून एक्स्चेंजला रोखीत भरावा लागतो. असे पैसे जाताना पाहून वरिष्ठ विचारतात, "हे हेज हवंच कशाला?" तेव्हा ठाम राहा. अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेने दरवाढीच्या काळातच आपली बरीच हेज काढून टाकली. मार्च 2023 मध्ये रोखे विकताना तिला सुमारे 1.8 अब्ज डॉलरचा तोटा झाला आणि दोन दिवसांत बँक बंद पडली.

हेज अकाउंटिंग (रोखे आणि हेज यांचा फायदा-तोटा हिशेबात जोडीने दाखवणं) हवं असेल तर कागदपत्रं पहिल्याच दिवशी करा, मागाहून चालत नाहीत. आणि करार संपण्याची वाट बघू नका. पुढच्या महिन्याच्या करारात उलाढाल वाढू लागली की जुने करार थोडे थोडे करून त्यात सरकवा, आणि सरकवताना नव्या कराराचा फॅक्टर घ्या. जुना तिथे लागू नाही.